तीन सेंटीमीटरवरून सोडलेलं यान: फोंड्यातल्या एका डॉकिंग मॉडेलचं प्रकरण

फेब्रुवारी २०२५ चा तिसरा आठवडा. गोव्यात फोंड्याला आमच्या उच्च माध्यमिक शाळेच्या सभागृहात छताच्या तुळईला चार मीटर लांबीच्या तंगुसावर दोन यानं म्हणून दोन ॲल्युमिनियमचे टोप टांगलेले. एकाच्या तोंडावर रॉकेल ओतायचं स्टीलचं नरसाळं, दुसऱ्यातून पुढे आलेला सायकलच्या पंपाचा दांडा. बारावीतल्या मुलीनं दांड्याचा टोप मोजून तीन सेंटीमीटर मागे ओढला आणि सोडला. दांडा नरसाळ्यात बरोबर मध्यावर शिरला, टक्क असा आवाज आला, आणि दांड्याचा टोप जागच्या जागी थांबला. नरसाळ्याचा टोप मात्र पुढे निघून गेला. धरलं कोणीच कोणाला नाही. असं लागोपाठ अकरा वेळा झालं.

आठवड्यापूर्वी हेच मॉडेल पाण्यात दहापैकी नऊ वेळा जोडलं गेलं होतं. मी स्वतः मोजलं होतं. विज्ञान दिनाचं प्रदर्शन आठ दिवसांवर होतं, आणि चौघांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता: पाण्यात जमलं ते हवेत का जमत नाही?

हे सगळं सविस्तर लिहून ठेवायचं कारण असं की डॉकिंगबद्दल, म्हणजे अवकाशात दोन यानं जोडण्याबद्दल, मराठीत वाचायला मिळतं ते बहुतेक 'दोन उपग्रह एकमेकांजवळ आले आणि जोडले गेले' इथेच संपतं. खरी गोष्ट त्या 'आणि' मध्ये आहे. टेकणं आणि जोडलं जाणं यांच्यामध्ये काही सेकंद ते काही मिनिटं असतात, आणि यंत्रणेची सगळी परीक्षा तेवढ्यातच होते. मलाही हे पुस्तकातून नीट कळलं नव्हतं. ते या दोन टोपांनी शिकवलं.

कल्पना कुठून आली

१६ जानेवारी २०२५ च्या सकाळी इस्रोनं स्पेडेक्स या डॉकिंगच्या प्रयोगातले दोन उपग्रह अवकाशात जोडले. अमेरिका, रशिया आणि चीन यांच्यानंतर हे करणारा भारत चौथा देश. उपग्रह ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० रॉकेटवरून गेले होते. प्रत्येकाचं वजन सुमारे २२० किलो, कक्षा सुमारे ४७५ किलोमीटर उंचीची. आधी ठरलेली ७ जानेवारीची तारीख पुढे गेली, ९ तारीखही गेली, कारण जवळ आणताना उपग्रहांमधलं सरकणं अपेक्षेपेक्षा जास्त भरलं. १२ तारखेला दोघांना १५ मीटरवर आणि मग ३ मीटरवर आणून पाहिलं आणि पुन्हा लांब नेलं. माझ्या वर्गात त्या आठवड्यात रोज पहिली पाच मिनिटं याच गप्पांत जात. मुलं घरून बातमी वाचून येत आणि विचारत, "टीचर, तीन मीटरवर आले तरी जोडले का नाहीत?" मला तेव्हा समाधानकारक उत्तर देता आलं नव्हतं.

१६ तारखेला इस्रोनं जे जाहीर केलं त्यात तीन वेगळे शब्द होते: कॅप्चर, मग रिट्रॅक्शन, मग रिजिडायझेशन. म्हणजे आधी धरणं, मग ओढून घेणं, मग घट्ट करणं. मी ते तीन शब्द फळ्यावर लिहिले. चौघं मुलं मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात उभी राहिली: "आम्ही हे करून दाखवतो."

स्पेडेक्सची यंत्रणा दोन्ही बाजूंना सारखीच असते. नर-मादी असा भेद नाही, कोणीही कोणाला धरू शकतो. तिचा व्यास ४५० मिलिमीटर, आणि ती पुढेमागे सरकवायला दोन मोटारी पुरतात. माणसं नेणाऱ्या यानांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते ८०० मिलिमीटरचं असतं आणि त्यात सहा पायांवर हलणाऱ्या कड्याला २४ मोटारी लागतात. मुलांना साधनं, वेळ आणि पैसा पाहून मी जुनी पद्धत सुचवली: एका बाजूला दांडा, दुसऱ्या बाजूला नरसाळं. अमेरिकेच्या अपोलो यानांत हीच होती, रशियाच्या सोयूझमध्ये आजही आहे. दांडा थोडा वाकडा आला तरी नरसाळ्याच्या उतारावरून घसरत मध्याला येतो, टोकावरचे खटके तळाच्या भोकात अडकतात. समजायला सोपी, आणि सामान फोंड्याच्या बाजारात मिळण्यासारखं.

प्रत्येक टोपात वाळू भरून वजन पाच किलो केलं. पंपाच्या नळीत मागे स्प्रिंग बसवली. पंपाचा चामड्याचा वायसर दांड्याला अडत होता म्हणून काढून टाकला. ही गोष्ट लक्षात ठेवा. दांड्याच्या टोकाला स्प्रिंगच्या पत्र्याच्या तीन क्लिपा लावल्या, आत दाबल्या जाऊन पलीकडे गेल्या की उघडणाऱ्या.

पाण्यानं केलेली मदत

पहिली चाचणी गच्चीवर, जुनी टाकी अर्धी कापून तिच्यात पाणी भरून. चौघांतला एक मुलगा नदीकाठच्या दुर्भाट गावचा. त्यानं पाठलाग करणाऱ्या टोपावर ड्रोनचे दोन पंखे बसवले आणि म्हणाला, टेकल्यावरही पंखे बंद करायचे नाहीत. का, तर फेरीबोट तसंच करते. मी रायबंदर-चोडण फेरीवर हे किती वर्षं पाहत आलेय, पण या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. बोट उताराच्या धक्क्याला नाक लावते, फळी खाली पडते, स्कूटरी आणि माणसं उतरतात, आणि तो सगळा वेळ इंजिन चालूच असतं. बोट धक्क्याला बांधलेली असते असं वाटतं, पण तिला धरून ठेवलेलं असतं ते इंजिनानं.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सोयूझसुद्धा टेकल्यावर पुढच्या दिशेनं थोडा रेटा देतं, म्हणजे दांडा नरसाळ्याच्या तळापर्यंत पोचतो. ३१ जानेवारी १९७१ ला निघालेल्या अपोलो १४ मध्ये तर रेट्यानंच मोहीम वाचवली. चंद्राच्या वाटेवर मुख्य यान चालवणाऱ्या स्टुअर्ट रूसा यांनी पाच वेळा दांडा चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या नरसाळ्यात घातला आणि पाचही वेळा टोकाचे खटके धरेनात. दीड तासापेक्षा जास्त वेळ गेला. सहाव्या वेळी पद्धत बदलली: टेकायचं, यान पुढे रेटत ठेवायचं, आणि दांडाच आत ओढून घ्यायचा, म्हणजे दोन्ही यानांच्या तोंडावरची कडी थेट एकमेकांना भिडतील आणि कडीवरचे १२ मोठे खटके स्वतःच पकडतील. तसंच झालं. पहिली पायरी ओलांडून थेट शेवटची पायरी.

तर गच्चीवर आमचं मॉडेल झकास चाललं. नंतर कळलं की त्या यशाला तीन जणांनी हातभार लावला होता आणि आम्ही एकाचंही नाव लिहून ठेवलं नव्हतं. गच्चीवरच्या वाऱ्यानं हलू नये म्हणून नरसाळ्याचा टोप सुतळीनं टाकीच्या कडेला बांधला होता. तो पळू शकत नव्हता. पंखे मागून रेटत होते. आणि टेकल्यावर जी काही हालचाल उरे, ती पाणी गिळून टाकत होतं.

मी मुलांना म्हणाले, अवकाशात पाणी नाही. टांगून बघू.

हिशोब

लांब दोरीवर टांगलं की आडव्या दिशेत घर्षण जवळजवळ नाहीसं होतं, आणि वेग किती ते मोजायची गरजही राहत नाही, गणितानं काढता येतो. चार मीटरच्या दोरीवर टोप तीन सेंटीमीटर मागे ओढून सोडला तर तळाशी त्याचा वेग सेकंदाला साधारण ४.७ सेंटीमीटर येतो. पंखे काढून टाकले, कारण त्यांच्या वायरी टोपांना ओढत होत्या. सुतळी नाही, पाणी नाही. अकरा वेळा टक्क, आणि अकरा वेळा टार्गेट, म्हणजे नरसाळ्याचा टोप, पळालं.

एक मुलगा म्हणाला, "टीचर, हे कॅरमसारखं झालं. स्ट्रायकर थांबतो, सोंगटी जाते." अगदी बरोबर. दोन सारखी वजनं, मध्ये स्प्रिंग, ऊर्जा खाणारं कोणी नाही. एकाचा वेग जसाच्या तसा दुसऱ्याला मिळतो.

पण क्लिपा का लागल्या नाहीत? बारावीतल्या मुलीनं प्रयोगशाळेतला स्प्रिंग बॅलन्स आणला. तिन्ही क्लिपा दाबून पलीकडे जायला सरासरी दीड न्यूटन बल लागत होतं, आणि ते चार मिलिमीटर अंतरभर लावावं लागत होतं. म्हणजे ०.००६ ज्यूल काम. आता टकरीत हाताशी असलेली ऊर्जा काढा. दोन्ही टोप मोकळे असल्यामुळे इथे पाच किलो धरायचे नाहीत, दोघांचं मिळून परिणामी वस्तुमान अडीच किलो धरायचं. उत्तर येतं ०.००२८ ज्यूल. खटका लागायला जेवढं हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी. यान कितीही सरळ आलं असतं तरी जोडलं गेलंच नसतं. पैसेच कमी होते.

आकडा फळ्यावर आला तेव्हा वर्गात जी शांतता झाली ती मला फार आवडली. सगळ्यांना एकदमच दिसलं की यानानं किती वेगानं यायचं हे यंत्रणेच्या खटक्यात ठरतं. टकरीच्या जोरावर लागणारा खटका ठेवला की यानाला वेगानंच यावं लागतं, आणि वेगानं आलेल्या यानाची उरलेली ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते.

मग स्पेडेक्सचा आकडा काढून पाहिला. इस्रोच्या यंत्रणेत टेकतानाचा वेग सेकंदाला १० मिलिमीटरच्या आसपास ठेवलेला. २२० किलोचे दोन उपग्रह, म्हणजे परिणामी वस्तुमान ११० किलो. ऊर्जा ०.००५५ ज्यूल. पाच ग्रॅमचं नाणं अकरा सेंटीमीटरवरून टेबलावर पडतं तेवढीच. याउलट सात टनांचं सोयूझ एखाद्या प्रचंड स्थानकाला सेकंदाला १० सेंटीमीटरनं जरी टेकलं तरी ३५ ज्यूल होतात, सहा हजार पटींहून जास्त. म्हणून कमी धक्क्याच्या यंत्रणेत धरण्याचं काम टकरीवर सोडत नाहीत. समोरचा भाग आत आला हे सेन्सर ओळखतो आणि लिव्हर मोटारीनं मिटतात. हे वाचलेलं होतं. त्यामागचं कारण मात्र त्या दिवशी कळलं.

वेग वाढवून पाहिला तेव्हा

हिशोब झाला तरी मुलांना आधी सोपा उपाय करून पाहायचा होता, आणि मी अडवलं नाही. तीनऐवजी सहा सेंटीमीटर मागे ओढायचं. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट, ०.०११ ज्यूल. खटका लागला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी टोप थांबले नव्हते. धरले गेलेले दोन्ही टोप दांड्याच्या टोकाभोवती माना हलवत होते, एक वर तर दुसरा खाली, आणि पंपाचा दांडा दर हेलकाव्याला नळीच्या तोंडाशी कचकचत होता. चौथ्या प्रयत्नात नळीचं तोंड फाकलं.

इथे मी त्यांना सोयूझ १० ची गोष्ट सांगितली, आणि ती इथेही थोडी लांबवूनच सांगते, कारण आमच्या प्रकरणाशी इतकं जवळचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

१९ एप्रिल १९७१ ला सोव्हिएत संघानं सल्यूत १ हे जगातलं पहिलं अवकाशस्थानक सोडलं. चार दिवसांनी सोयूझ १० मधून व्लादिमीर शतालोव्ह, अलेक्सेई येलिसेयेव्ह आणि निकोलाय रुकाविश्निकोव्ह निघाले. शेवटचं अंतर शतालोव्ह यांनी हातानं यान चालवून काटलं. दांडा नरसाळ्यात गेला, खटका लागला. पहिली पायरी बिनचूक. मग दांडा आत ओढायला सुरुवात झाली आणि सुमारे ९ सेंटीमीटर अंतर उरलं असताना सगळं थांबलं. त्यापुढे काही होईना. साडेपाच तास ते तसेच अर्धवट जोडलेले राहिले आणि शेवटी स्थानकात पाऊल न टाकता परतले.

चूक नंतर उमगली. खटका लागल्यावर यान थोडं कलंडलं, ते स्वाभाविकच होतं. पण यानाची दिशा सांभाळणारी स्वयंचलित यंत्रणा तेव्हाही चालूच होती. तिच्या लेखी यान अजून एकटंच उडत होतं. तिनं तो कल 'चूक' समजून इंजिनं पेटवली, यान उलट बाजूला झुकलं, तिनं पुन्हा दुरुस्ती केली. एका बाजूनं धरून ठेवलेलं यान असं झोके घेत राहिलं आणि त्या भारानं डॉकिंग यंत्रणेतला धक्काशोषक मोडला. अभियंते व्लादिमीर सिरोम्यात्निकोव्ह यांच्या पथकानं यंत्रणा मजबूत केली, आणि ७ जून १९७१ ला सोयूझ ११ त्याच स्थानकाला व्यवस्थित जोडलं गेलं. पुढे याच सिरोम्यात्निकोव्ह यांनी दोन्ही बाजू सारख्या असलेली, तीन पाकळ्यांची यंत्रणा घडवली, जिच्यामुळे १७ जुलै १९७५ ला अपोलो आणि सोयूझ एकमेकांना जोडता आले. स्पेडेक्सच्या कड्याकडे पाहिलं की त्या घराण्याची खूण दिसते.

दुर्भाटचा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे फेरीबोटीनं धक्क्याला टेकल्यावर सुकाणू फिरवत राहिलं तर होईल तसं." इंजिनाचा सरळ रेटा आणि सुकाणूची दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यानं माझ्याहून चांगलं सांगितलं. धरलं गेल्यावर पहिलीचा उपयोग होतो, दुसरी थांबवावी लागते.

शॉकअप

आमच्या टोपांना इंजिनं नव्हती, तरी माना हलत होत्याच. म्हणजे आमच्याकडे धक्काशोषकच नव्हता. स्प्रिंग होती, पण स्प्रिंग ऊर्जा खात नाही, उसनी घेते आणि परत करते.

हे मला सुचलं ते माझी स्कूटर दुरुस्तीला दिली होती तिथे. गॅरेजवाल्या भाईंनी पुढचं चाक दाबून सोडलं. हँडल वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. "टीचर, शॉकअपमधलं तेल गेलंय. नुसती स्प्रिंग उरलीय." मग शेजारच्या नव्या गाडीचं हँडल दाबून दाखवलं. ते एकदाच, हळू वर आलं आणि थांबलं. मी त्यांना मॉडेलचं सांगितलं. त्यांनी पंप कुठला, वायसर कुठे आहे, असं विचारलं. वायसर काढून टाकलाय म्हटल्यावर म्हणाले, "मग परत घाला की. पंपात हवा दाबणारा तोच. मागचं भोक बारीक ठेवा, हवा हळू सुटेल."

ज्याला आम्ही अडथळा समजून फेकला होता, तोच भाग हवा होता. मुलांनी कचऱ्याच्या डब्यातून वायसर शोधून काढला. त्याच्या कडा कातरीनं थोड्या उतरवल्या, खोबरेल तेल लावून मऊ केला, पंपाचं तोंड मेणानं बंद करून त्यात टाचणीनं भोक पाडलं. मागची स्प्रिंग बदलून मऊ घेतली. माना हलण्यासाठी नळीच्या बुडाशी सायकलच्या ट्यूबचा पट्टा गुंडाळला. क्लिपा काढून त्यांच्या जागी छोट्या सर्व्हो मोटारीनं उघडणारी तीन बोटं आणि नरसाळ्याच्या तळाशी इन्फ्रारेड सेन्सर लावला. दांड्याचं टोक दिसलं की बोटं उघडायची. टकरीकडून काहीही मागायचं नाही.

तीन सेंटीमीटरवरून सोडलं. टक्क असा आवाजही आला नाही. दांडा शिरला, पंप फुस्स करून दबला, बोटं उघडली आणि दोन्ही टोप मिळून एकत्र, हळू, एका बाजूला सरकले. मान दोनदा हलली आणि शांत झाली. मग एक सेंटीमीटरवरून सोडलं. तेही धरलं गेलं.

दिवा कधी लागावा

मुलांनी मॉडेलवर हिरवा दिवा बसवला होता, प्रेक्षकांना कळावं म्हणून. तो सेन्सरला जोडलेला होता, बोटं उघडली की लागायचा. मी म्हटलं, हा दिवा खोटं बोलतोय. त्यावर तासभर वाद झाला. धरलं म्हणजे जोडलं नाही का?

त्यांना १९८७ चं क्वांत-१ सांगितलं. सोव्हिएत संघाच्या मीर अवकाशस्थानकाच्या मागच्या दाराला हा मोठा भाग जोडायचा होता. ५ एप्रिलचा पहिला प्रयत्न फसला आणि क्वांत स्थानकाजवळून निघून गेलं. ९ एप्रिलला दांडा शिरला, धरलं गेलं, पण ओढून घेताना दोन्ही कडी एकमेकांना भिडेनात. पृथ्वीवर बसून कोणालाही कारण दिसेना. ११ तारखेला युरी रोमानेंको आणि अलेक्सांद्र लावेइकिन पोशाख चढवून बाहेर गेले. दोन कड्यांच्या मध्ये एक पिशवी अडकली होती, आधीचं मालवाहू यान सुटताना मागे राहिलेली. त्यांनी ती ओढून काढली आणि मग क्वांत पूर्ण जोडलं गेलं. माणसांनी ये-जा करायची असेल तर कड्यांमधलं रबरी सील सगळीकडून सारखं दाबलं जावं लागतं, नाहीतर हवा गळते. पिशवीएवढी फटसुद्धा चालत नाही.

मग दिव्याची वायर बदलली. कडीवर सारख्या अंतरावर तीन बटणं, तिन्ही एकाच साखळीत. तिन्ही दाबली गेली तरच दिवा. आणि दिवा लागेनासा झाला! धरल्यावर दांडा आत ओढून घ्यायला बसवलेली गिअर मोटर काम करत होती, पण एका बाजूला दोन मिलिमीटरची फट राहायची. दोन कारणं सापडली. नरसाळ्याची कड पूर्ण गोल नव्हती, ती ठोकून सरळ केली. दुसरं कारण असं की मोटर धरल्याबरोबर ओढायला लागायची, मान अजून हलत असताना, त्यामुळे कडी तिरपी अडकायची. मध्ये वीस सेकंद थांबायला लावलं. त्यानंतर दिवा लागला, आणि तो लागला की टोप हातानं हलवून पाहिले तरी एका तुकड्यासारखे हलत.

प्रदर्शनाचा दिवस

२८ फेब्रुवारी. प्रदर्शन दुसऱ्या ठिकाणी होतं, मोठ्या वातानुकूलित सभागृहात. टांगायला लोखंडी चौकट नेली होती. सकाळी पहिलं दाखवायला घेतलं, आणि टार्गेट पळालं. पुन्हा पळालं. समोर पाहुणे उभे. दांडा बोटानं दाबून पाहिला तर तो जागचा हलेना.

मुलीनं पंप हातात घेतला, मेण काढलं आणि आत पाहिलं. वायसरवरचं खोबरेल तेल पांढरं झालं होतं. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं, थंडीच्या सकाळी बाटली उन्हात ठेवतोच. फोंड्याच्या उकाड्यात तयार केलेल्या मॉडेलला ते आम्ही विचारलंच नव्हतं. तिनं पंप दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं चोळला, आणि परत बसवला. चाललं. दुपारपर्यंत शिवणयंत्राचं तेल आणून वायसर पुसून घेतला, त्यानंतर दिवसभर त्रास झाला नाही.

त्या पाच मिनिटांत एका पाहुण्यांनी विचारलं की मग उपग्रहात कुठलं तेल घालतात. त्यांना मुलानंच उत्तर दिलं: निर्वातात साधं तेल उडून जातं, आणि सावलीत-उन्हात तापमान फार खालीवर होतं, म्हणून मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखी कोरडी वंगणं वापरतात आणि धक्का जिरवायला तेलाऐवजी विद्युतचुंबकीय ब्रेक वापरता येतात, सोयूझच्या यंत्रणेत तसे आहेत. चुंबक धातूजवळून सरकला की धातूत प्रवाह निर्माण होतो आणि तो चुंबकाला अडवतो. हा धडा बारावीच्या पुस्तकात आहे. मी तो दरवर्षी शिकवते, आणि त्यात शॉकअपचा उल्लेख मी कधी केला नव्हता. आता करते. तांब्याच्या नळीतून चुंबक सोडून दाखवते, आणि लगेच स्कूटरचं हँडल दाबायला बाहेर नेते.

उरलेलं काम

१३ मार्चला इस्रोनं स्पेडेक्सचे उपग्रह पुन्हा वेगळे केले, पहिल्याच प्रयत्नात. आधी पुढचा भाग बाहेर सरकवला, मग कॅप्चर लिव्हर सोडले, मग दोघांना वेगळं होण्याचा आदेश. (२० एप्रिलला ते दुसऱ्यांदा जोडले गेले आणि एकातून दुसऱ्यात वीजही पाठवून झाली.) उपग्रह वेगळे झाले त्या दिवशी मुलं प्रयोगशाळेत आली ती थोडी ओशाळूनच. आमचं मॉडेल सुटत नव्हतं. दर वेळी बोटं स्क्रूड्रायव्हरनं मिटवून टोप वेगळे करावे लागत होते, आणि प्रदर्शनात हे कोणी विचारलं नव्हतं म्हणून आमच्याही ध्यानात आलं नव्हतं. माणसं असलेल्या यानात सुटता येणं हे जोडलं जाण्याइतकंच महत्त्वाचं. १६ मार्च १९६६ ला जेमिनी ८ हे अजेना रॉकेटला जोडलं गेलं, माणसांनी केलेलं पहिलं डॉकिंग, आणि अर्ध्या तासाच्या आसपास जोडी गरगरायला लागली. नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांना पहिलं काम करावं लागलं ते सुटण्याचं.

परीक्षा संपल्यावर चौघं सुट्टीत पुन्हा जमली. गिअर मोटर उलटी फिरवायची, दांडा पुढे ढकलला जातो, बोटं मिटतात. एवढ्यानं टोप सुटले, पण एकमेकांना चिकटूनच लोंबकळत राहिले, दांडा नरसाळ्यातच. मग कडीवर बॉलपेनच्या तीन स्प्रिंगा बसवल्या, जोडताना दबून राहतील आणि सुटताना ढकलतील अशा. एक स्प्रिंग जरा जास्त ताठ निघाली तर टार्गेट तिरपं फिरत जातं, म्हणून एकाच दुकानातून वीस पेनं आणून त्यांतल्या स्प्रिंगा वजन टांगून मोजल्या आणि सारख्या तीन निवडल्या. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सभागृहाचे पंखे बंद करून, मुलीनं बटण दाबलं. दिवा विझला, वीस सेकंद काही झालं नाही, मग बोटं मिटली आणि नरसाळ्याचा टोप न फिरता, सरळ मागे गेला.